हजेरी आणि खाडा

पावसाळ्यात बीड जिल्ह्याच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते : आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागात पावसाने हजेरी लावली. कधी ती दमदार असते, बहुतेकदा तुरळक. पाऊस हा इथला असा एकच गडी आहे की त्याने खाडा केला तरी त्याचा रुपया कोणी कापत नाही. कापला जातो तो दुसऱ्यांचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, केज, गेवराई आणि सगळ्या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची माणसे बिऱ्हाड ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरमागच्या जोडगाडीत घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. यांची हजेरी मात्र चोख मोजली जाते.

'हजर' अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ समोर असणे, उपस्थित असणे. त्याच मुळाला फुटलेली दुसरी फांदी म्हणजे 'हुजूर'. तिचाही मूळ अर्थ उपस्थितीच. पण ज्याच्या उपस्थितीत उभे राहायचे त्यालाच पुढे हुजूर म्हणू लागले. म्हणजे उभा राहणारा हजर, बसलेला हुजूर आणि मधे धावपळ करणारा हुजऱ्या, तिघेही सख्खे भाऊ. मराठीने क्रियापदे लावतानाही ही उतरंड बरोबर सांभाळली आहे. पुढारी लग्नाला हजेरी 'लावतो', मजूर हजेरी 'देतो', मुकादम ती 'घेतो'. आणि 'साहेबांनी आज चांगलीच हजेरी घेतली' म्हटले की खरडपट्टी काढली, एवढाच अर्थ उरतो. हजर तो वजीर ही म्हण बहुधा दरबारात जन्मली असावी. उसाच्या फडात हजर राहून कोणी वजीर झाल्याचे ऐकिवात नाही.

या शब्दाला एक काळी बाजूही आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल घट्ट झाला. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर दाखला घ्यायचा, दुसऱ्या गावी पोचल्यावर तिथे पुन्हा हजेरी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर भोवती तारेचे कुंपण होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी आणि बेरड यांच्यावरची हजेरी उठवली. ब्रिटिशांचा कायदा मात्र देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे जगला. तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. तेव्हा 'हजेरी' हा शाळेच्या पटावरचा निरुपद्रवी शब्द आहे असे कोणी म्हणाले, तर भटक्या-विमुक्तांच्या घरात जाऊन एकदा तो उच्चारून पाहावा. माणसाने काही केले आहे का, हे न पाहता तो कुठे आहे हे रोज पाहणे, हा त्या शब्दाचा जुना धंदा आहे.

रोजगार हमीवर याच गोष्टीला 'मस्टर' म्हणतात. 1972 च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 'मस्टर निघालं', 'मस्टरवर नाव चढलं', 'मस्टर झिरो झालं' ही वाक्ये मराठवाड्याच्या बोलीत मुरली. इंग्रजीतला हा शब्द लॅटिनमधल्या 'दाखवणे' या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. त्याच घराण्यात 'मॉन्स्टर'ही आहे, पण ते नाते इथे ताणत नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की हजेरीत माणूस समोर असतो आणि मस्टरमध्ये तो दाखवावा लागतो. आता तो मोबाइलवर दाखवतात. 2021 मध्ये केंद्राने आपल्या रोजगार हमी योजनेसाठी हजेरीचे अॅप आणले आणि 1 जानेवारी 2023 पासून जवळजवळ सगळ्या सार्वजनिक कामांवर ते सक्तीचे केले. दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरून, मजुरांचा फोटो. कुठे काढला त्याची नोंद फोटोलाच चिकटलेली.

एखाद्या बंधाऱ्यावर हे कसे दिसते? रोजगार सेवक हात उंच करून रेंज शोधत टेकाडावर चढतो. बायका टोपली-फावडी ठेवून ओळीत उभ्या राहतात, एकीने पदर तोंडावर ओढला म्हणून फोटो पुन्हा. चक्राकार चिन्ह फिरत राहते. सकाळी आठला येऊन खोदायला लागलेली बाई दुपारच्या फोटोसाठी थांबून राहते, आणि फोटो चढला नाही तर खड्डा खणलेला दिसत असूनही ती त्या दिवशी तिथे नव्हती.

मस्टरमध्ये बोगसगिरी नव्हती असे मी म्हणणार नाही. मेलेली माणसे खडी फोडत होती, पुण्यात नोकरी करणारे गावात पाझर तलाव खोदत होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती नावे लिहिली कोणी? ज्याच्या हातात पेन होते त्याने. कॅमेरा मात्र रोखला तो टोपली उचलणारीच्या तोंडावर. आणि पेनवाला कॅमेऱ्यालाही पुरून उरतो : जुलै 2025 मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना लिहिले, की अॅपवर भलतेच फोटो येत आहेत, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून चढवला जातो आहे.

आता उसाच्या फडाकडे येऊ, कारण बीडचा खरा शब्दकोश तिथे आहे. 'मुकादम' म्हणजे पुढे ठेवलेला, पुढचा. 'कदम' आणि 'मुकदमा' हे त्याच मुळाचे. जुन्या मराठी कागदांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. वतन गेले, शब्द खाली उतरला, आणि आज जो टोळी जमवतो, कारखान्याच्या तोडणी-वाहतूक संस्थेकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मजुरांना वाटतो, तो मुकादम. तो कारखान्याचा नोकर नाही आणि मजूर तर नाहीच नाही. कारखान्याच्या कागदावर मजूर दिसतच नाही. दिसतो तो कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. 'औंदा किती कोयते?' असे विचारतात, किती माणसे असे नाही. माणसाच्या जागी हत्यार मोजायची रीत मराठीत संगणकाच्या कितीतरी आधी आली, हे 'डेटा'च्या नावाने गळा काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

त्या कोयत्याला जे आगाऊ मिळते ती 'उचल'. हा शब्द साखर पट्ट्यात दोन तोंडांनी बोलतो. ऊस उत्पादकाची 'पहिली उचल' म्हणजे त्याच्या स्वतःच्या उसाच्या पैशाचा पहिला हप्ता. ती वाढवून मिळावी म्हणून आंदोलने होतात, रस्ते अडतात. तोडणाऱ्याची उचल म्हणजे कर्ज. ती जितकी मोठी तितके त्याचे पाय जड. एकाच फडात एकाच हंगामात शेतकऱ्याची उचल हक्क ठरते आणि मजुराची उचल बेडी. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते, आणि नाही गेला तर काही वेळा माणसालाच उचलून नेतात. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे, तो कागदावर शाबूत आहे.

आणि मग 'खाडा'. घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे लिहिलेले असतात. महिनाअखेर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा. दूधवाला त्याउपर दंड भरत नाही. फडात भरावा लागतो. ऊसतोडीची मजुरी टनावर असते. जानेवारी 2024 च्या करारात ती 34 टक्क्यांनी वाढली, पण आहे टनावरच. म्हणजे ज्या दिवशी कोयता चालला नाही त्या दिवशी कमाई आपोआप शून्य. वेगळी हजेरी ठेवायचे कारणच नाही. तरी मुकादमाच्या वहीत खाडा चढतो आणि त्यावर दंड लागतो, दिवसाला पाचशे रुपये असा आकडा 2019 मध्ये चर्चेत आला. काम न केल्याचे पैसे मिळत नाहीत, वर काम न केल्याचे पैसे द्यावेही लागतात. धंद्याच्या नीतीवर पुस्तके लिहिणाऱ्यांनी या एका रकान्यावर प्रकरण लिहायला हरकत नाही.

2019 मध्येच बीडमधल्या बायकांच्या 'पिशव्या' काढल्याची बातमी देशभर गेली. गर्भाशय हा शब्द इथे कोणी वापरत नाही. 'पिशवी काढली' म्हणतात, शिधा ठेवायची पिशवी रिकामी केल्यासारखे. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, पुष्कळजणी ऐन तिशी-पस्तिशीच्या. कारणे एक नाहीत. कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे, कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ, ना पाणी ना संडास, 'ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे खासगी दवाखाने. पण या सगळ्यांच्या मागे तो रकाना आहेच. पाळीचे चार दिवस, पोटदुखीचे दोन, म्हणजे खाडे. खाडे म्हणजे दंड. दंड म्हणजे उचल फिटत नाही. हिशेब करत करत बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचते. इथे ना कॅमेरा होता, ना अॅप. वही होती आणि बॉलपेन होते. 'वैयक्तिक स्वायत्तता' या भारदस्त शब्दाचा अर्थ विचारायचाच असेल तर तो तिला विचारावा. संस्कृतात 'आयत्त' म्हणजे अधीन. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन. तिचे शरीर कोणाच्या अधीन होते?

ज्यांना हा कोयता नको होता त्यांची पोरे पुण्याला गेली. चाकण, हिंजवडी, वाघोली. कंपनीत नाहीतर डिलिव्हरीला. पाठीवर चौकोनी बॅग, हँडलला अडकवलेला मोबाइल. त्यांचे शब्द नवे आहेत : लॉगिन, स्लॉट, इन्सेंटिव्ह, रेटिंग आणि सगळ्यांत जरबेचा शब्द, 'आयडी'. 'आयडी ब्लॉक झाली' हे वाक्य ऐकताना मला त्यात खाड्याचा आवाज येतो. मधे एक फरक पडला आहे. मुकादमाला शिव्या घालता येत होत्या, त्याच्या वाड्यावर जाऊन पाय धरता येत होते, भावकीतला कोणी मध्यस्थ घालता येत होता. आयडी कोणी बंद केली हे पोराला कळत नाही. 'ॲपने केली' म्हणतो. गाडी कुठे थांबली, किती मिनिटे थांबली, कोणत्या ऑर्डरला नाही म्हटले, हे सगळे लिहिले जाते आणि ती वही त्याला कधी दिसत नाही. मुकादमाची वही निदान त्याच्या खिशात तरी दिसत होती. आणि गंमत अशी की इथेही तो नोकर नाही. त्याला 'पार्टनर' म्हणतात. तोडणी-वाहतूक संस्थेलाही हे सुचले नव्हते.

पाहण्याचे शब्द मराठीत किती आहेत बघा. 'पाळत' हा शब्द 'पाळणे'च्या कुळातला. त्याच कुळात पाळणा आहे, पाळीव जनावर आहे आणि वचन पाळणेही. फारसी 'निगाह' म्हणजे नजर. ती मराठीत आली आणि 'निगा' झाली, म्हणजे काळजी. रोपाची निगा, बाळंतिणीची निगा. परक्या भाषेतले नुसते पाहणे आपल्याकडे येऊन मायेचे झाले. उलट 'नजर'चे झाले नजरकैद. ('नजराणा' मात्र यातला नाही; तो अरबीतल्या दुसऱ्याच अक्षराच्या 'नज्र'वरून आला, नवस-भेट या अर्थाने. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात म्हणून फसायला होते.) आणि सगळ्यांत बारीक भेद आपण क्रियापदाने करतो : लक्ष 'देतो' तेव्हा काळजी असते, लक्ष 'ठेवतो' तेव्हा संशय. अॅप विकणाऱ्या कंपन्या पहिल्याचे नाव सांगून दुसरे विकतात. सुरक्षेसाठी, कल्याणासाठी, पारदर्शकतेसाठी. अंगणवाडीच्या कामावर 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' आले तेव्हा राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. मोबाइल निकृष्ट होते, अॅप इंग्रजीत होते, आणि पोषणापेक्षा ट्रॅकर मोठा झाला होता.

तरीही पाळत वाईटच, असा सरसकट निकाल बीडमध्ये बसून देता येत नाही. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. पुढच्याच वर्षी परळीतले बेकायदा लिंगनिदान-गर्भपाताचे प्रकरण उघडकीला आले. त्याआधी कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण बसवले होते. कोणती तपासणी केली त्याची चित्रे त्यात साठत. डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली, रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा काढला, आणि ऑगस्ट 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने निकाल दिला. यात चित्र बाईच्याच पोटाचे साठत होते, ही अडचण खरी. पण पाळत होती ती यंत्र चालवणाऱ्यावर, ज्याच्या हातात सत्ता आणि पैसा होता त्याच्यावर. हजेरीच्या अॅपमध्ये आणि यात मला दिसणारा फरक तंत्राचा नाही, दिशेचा आहे. डोळा वर बघतो की खाली?

खासगीपणाचेच घ्या. पेशवाईत 'खासगी' म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. आज बीडमध्ये खासगी म्हटले की खासगी कारखाना, खासगी दवाखाना, खासगी सावकार. विशेषण मालकाला चिकटले, माणसाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. कायद्याचा कणा 'संमती' हा आहे. पण नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीची गरज नाही, अशी सोय सातव्या कलमात आहे. म्हणजे संमती जिथे हवी तिथेच ती नको.

आपल्याकडे संमतीचा घरगुती शब्द 'राजीखुशी'. उचलीच्या बाँडवर तो असतोच : राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले. खाली अंगठा. या अंगठ्याचा इतिहासही धंद्यातूनच सुरू होतो. 1858 मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि मागच्या बाजूला त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. ओळख पटावी म्हणून नव्हे. पुढे 'सही माझी नाहीच' म्हणायची त्याची छाती होऊ नये म्हणून. 'राजी' आणि 'मर्जी' एकाच मुळाचे. त्याच मुळाचा 'राजीनामा', मुळात संमतीचा कागद. जमीन राजीखुशीने सोडली असे लिहून देणे म्हणजे राजीनामा, म्हणून पुढे नोकरी सोडण्यालाही तोच शब्द लागला. मला यातला तर्क पटतो : ज्याला राजीनामा देता येतो त्याच्याच राजीखुशीला किंमत. उचल घेतलेला कोयता राजीनामा देऊ शकत नाही.

राहता राहिला 'काटा'. कारखान्याच्या फाटकातला वजनकाटा. 'काटा मारणे', म्हणजे वजन कमी दाखवणे, हा वाक्प्रचार ऊस पट्ट्यात पोराटोरांना माहीत आहे, आणि काटे डिजिटल करून त्यांची तपासणी व्हावी ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. काटा मारला की शेतकऱ्याचा ऊस जातो आणि तोडणाऱ्याची मजुरीही, कारण दोघेही टनावर. बऱ्याच कारखान्यांचा संगणक आता गाडी रिकामी होताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज टाकतो. ज्यांनी ती गाडी भरली त्यांना तो सहसा येत नाही. पावती गाडीवाल्याकडे, तिथून मुकादमाकडे, आणि हिशेब थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. बहुतेक टोळ्यांत आता एखादा तरी मोबाइल असतो. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम सरकारने हाती घेतले आहेच. मेसेज पाठवायच्या यादीत शेतकऱ्याच्या नंबराखाली कोयत्याचा नंबर टाकायला नवे यंत्र लागत नाही. खेपेमागे टन किती, मजुरी किती झाली, उचल किती फिटली, बाकी किती. एवढ्या चार आकड्यांची हजेरी कारखान्याने द्यायची आणि कोयत्याने घ्यायची.